ई-बस आल्या, पीयूसी कडक झालं, तरी रस्त्यावरची धूळ का हटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या उपनगरातला दुभाजक असलेला मुख्य रस्ता. दोन्ही बाजूंना सोसायट्या, मध्ये दोन-तीन बांधकामं चालू, केबलसाठी वारंवार खोदाई झालेली. बसगाड्यांपैकी बऱ्याच आता विजेवर चालतात, रिक्षा सीएनजीच्या आहेत, तरी गॅलरीच्या कठड्यावर रोज धुळीचा थर बसतो. ही धूळ टायर आणि ब्रेकची आहे का? आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे मागणी कशाची करायची: पाणी मारण्याची, यंत्राने झाडण्याची, की आणखी कशाची?

उत्तर आधी सांगतो. वजनाच्या हिशेबात त्या थराचा फार मोठा भाग टायरचाही नाही आणि ब्रेकचाही नाही. रस्त्यावर येऊन पडलेली माती, मुरूम, खडीचा चुरा चाकांखाली दळला जातो आणि प्रत्येक वाहनामागे पुन्हा उडतो, ती ही धूळ. म्हणून पहिली मागणी रस्त्याच्या कडेची आणि बांधकामाच्या फाटकाची करा, दुसरी झाडणकामाची, आणि पाण्याच्या टँकरची सगळ्यांत शेवटी. ब्रेकची धूळ वजनाने थोडी असली तरी वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे, तिच्याकडे नंतर येतो.

कोणाचा वाटा किती

धुराड्यातून न येणाऱ्या कणांचे चार उगम आहेत: ब्रेकची झीज, टायरची झीज, रस्त्याच्या पृष्ठभागाची झीज, आणि पडलेल्या धुळीचं पुन्हा उडणं. ब्रेकमध्ये पॅड बिडाच्या डिस्कवर घासतो तेव्हा दोन्ही झिजतात; झिजलेल्या मालापैकी साधारण निम्मा हवेत जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा १० मायक्रॉनपेक्षा बारीक असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टायरचं उलट आहे. एक मोटारीचा टायर आयुष्यभरात किलोभर किंवा थोडं जास्त रबर गमावतो, पण हवेत तरंगणारा भाग दहा टक्क्यांच्या आत. बाकीचे कण मोठे असतात, रस्त्यावरच्या खनिज चुऱ्याशी मळून जड होतात आणि पावसाबरोबर गटारात जातात.

युरोपात उत्सर्जनाच्या नोंदी करताना जे गुणांक वापरतात, त्यांनुसार एका साध्या मोटारीमागे किलोमीटरला पीएम १० (१० मायक्रॉनपेक्षा बारीक कण) असं धरतात: टायर सुमारे ६.४ मिलिग्रॅम, ब्रेक ७.४, रस्त्याची झीज ७.५. एकूण २१ मिलिग्रॅमच्या आसपास. ट्रक-बसचे आकडे याच्या चार-पाच पट, दुचाकीचे साधारण निम्मे.

आता चौथा उगम. यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एपी-४२ या संकलनातलं पक्क्या रस्त्यांचं सूत्र जगभर वापरतात, आपल्याकडच्या शहरांच्या अभ्यासांतही तेच असतं. २०११ पासूनचं रूप असं: किलोमीटरमागे पीएम १० ग्रॅममध्ये = ०.६२ × (सिल्टचा भार, ०.९१ घात) × (वाहनांचं सरासरी वजन, १.०२ घात). पीएम २.५ साठी (२.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण) ०.६२ च्या जागी ०.१५. सिल्ट म्हणजे ७५ मायक्रॉनच्या, म्हणजे २०० नंबरच्या चाळणीतून खाली पडणारा बारीक माल. भार म्हणजे रस्त्याच्या एका चौरस मीटरवर तो किती ग्रॅम आहे.

वाहनांचं सरासरी वजन २ टन धरून हिशेब करून बघा. दिवसाला दहा हजारांहून जास्त वाहनं जाणाऱ्या अमेरिकी रस्त्यासाठी हेच संकलन ०.०३ ग्रॅम प्रति चौरस मीटर सिल्ट धरायला सांगतं. त्यावर उत्तर येतं किलोमीटरला सुमारे ५० मिलिग्रॅम. आपल्याकडे कडेला मातीची पट्टी असलेल्या रस्त्यावर ३ ग्रॅम भार ही काही विशेष गोष्ट नाही. ३ ग्रॅमवर उत्तर येतं ३.४ ग्रॅम, म्हणजे ३,४०० मिलिग्रॅम. टायर, ब्रेक आणि रस्त्याची झीज मिळून २१ मिलिग्रॅम होती हे लक्षात ठेवा. सूत्र दहापट फुगवून सांगतंय असं मानलं तरी उडालेली माती पंधरापटीने पुढे राहते.

याच सूत्रात तुमच्या ई-बसच्या प्रश्नाचंही उत्तर आहे. उडणारी धूळ वजनाच्या प्रमाणात वाढते. बस डिझेलवर चालते की विजेवर, याचा तिथे संबंध नाही. बॅटरीचं वजन टनांत असतं, त्यामुळे ई-बस तेवढ्याच आकाराच्या डिझेल बसपेक्षा हलकी नसते. म्हणून ई-बसचा उपयोग नाही असा अर्थ मात्र कोणी काढू नये. डिझेलची काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तिने थांबवली, आणि फुफ्फुसाच्या दृष्टीने तो मोठा फायदा आहे. गॅलरीतला थर थांबवणं हे तिचं कामच नव्हतं.

सूत्र वापरताना होणाऱ्या चुका

पर्यावरण अहवालांत या सूत्राच्या चुका इतक्या वेळा दिसतात की त्या सांगायलाच हव्यात. पहिली: वजन म्हणजे त्या रस्त्यावरच्या सगळ्या वाहनांची सरासरी. दुचाकीसाठी वेगळं, ट्रकसाठी वेगळं असं सूत्र चालवून बेरीज करायची नसते. संकलनातच तसं स्पष्ट बजावलेलं आहे. दुसरी: सूत्र ज्या मोजमापांवर बेतलं आहे त्यांत सरासरी वजन २ ते ४२ टन होतं, आणि हा टन अमेरिकी, ९०७ किलोचा. पुण्यासारख्या दुचाकीबहुल शहरात सरासरी वजन एका टनाखाली जाऊ शकतं. तेव्हा आपण सूत्राच्या कक्षेबाहेर असतो, म्हणून आलेला आकडा तुलनेसाठी वापरावा, निरपेक्ष सत्य म्हणून नव्हे. तिसरी आणि सगळ्यांत महाग चूक: सिल्ट मोजायचंच नाही, दुसऱ्या शहराच्या अहवालातला आकडा उचलायचा. उत्तर जवळजवळ सरळ सिल्टवर अवलंबून आहे. तोच उसना घेतला तर सगळा अहवाल उसना झाला.

दिल्लीचं उदाहरण यासाठी उपयोगी आहे. आयआयटी कानपूरच्या २०१६ च्या अहवालात उत्सर्जनाच्या यादीत रस्त्याच्या धुळीचा वाटा पीएम १० मध्ये ५६ टक्के आणि पीएम २.५ मध्ये ३८ टक्के होता. पण हवेतल्या कणांच्या रासायनिक विश्लेषणातून मागे जाऊन उगम शोधला की मातीचा वाटा, विशेषतः हिवाळ्यात, यापेक्षा बराच कमी येतो. दोन्ही पद्धती वेगळी गोष्ट मोजतात. यादी सांगते रस्त्यावरून किती उडालं; विश्लेषण सांगतं मोजणीयंत्रापर्यंत काय पोचलं. जाड कण शंभर-दोनशे मीटरांत खाली बसतात. मात्र रस्त्यालगत राहणारे, फुटपाथवरचे विक्रेते, वाहतूक पोलिस आणि दुचाकीस्वार त्या शंभर मीटरांच्या आतच असतात.

सिल्ट मोजायचं कसं

हे काम एखादं अभियांत्रिकी महाविद्यालय दोन-तीन दिवसांत करू शकतं. लागतं ते असं: पिशवीचा व्हॅक्यूम क्लीनर, जनरेटर किंवा लांब वायर, ०.१ ग्रॅमपर्यंतचा तराजू, भट्टी आणि चाळण्यांचा संच. पिशवी नसलेला, फिरत्या हवेने धूळ वेगळी करणारा घरगुती क्लीनर नको. त्यातून नेमका बारीक माल मागून बाहेर जातो, आणि आपल्याला तोच हवा असतो.

किमान चार-पाच दिवस पाऊस नाही आणि आदल्या दिवशी झाडलेलं नाही, अशी पहाट निवडा. वाहतूक पोलिसांना कळवून एक बाजू बॅरिकेड लावून अडवा. रस्त्याला आडवा, एक मीटर रुंद पट्टा खडूने आखा. ७ मीटरचा रस्ता असेल तर ७ चौरस मीटर. दुभाजक आणि फुटपाथला चिकटलेली, चाकं फारशी जात नाहीत ती गटाराजवळची कड या नमुन्यात घेऊ नका. तिथे माल खूप असतो आणि सरासरी बिघडते. हवी तर तिची वेगळी पिशवी करा, कारण झाडणकाम तपासायला ती उपयोगी पडते. पिशवीचं आधी वजन करून ठेवलेलं असावं. पट्टा सावकाश, दोनदा ओढा. असे निदान तीन पट्टे घ्या: एक सिग्नलजवळ, एक मधल्या मोकळ्या भागात, एक बांधकामाच्या फाटकापुढे. त्यांची नुसती सरासरी काढून मोकळे होऊ नका. तिन्ही आकडे वेगवेगळे ठेवा. बहुतेक वेळा फाटकापुढचा आकडा बाकी दोघांच्या कित्येक पट असतो आणि महापालिकेपुढे तुमचं म्हणणं तोच मांडतो.

प्रयोगशाळेत नमुना ११० अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवा. चाळण्या २० मिनिटं हलवा, तळाच्या थाळीचं वजन घ्या, मग दहा-दहा मिनिटं पुन्हा हलवा. लागोपाठच्या दोन वजनांत ३ टक्क्यांपेक्षा कमी फरक उरला की थांबा. घाईत पाच मिनिटं हलवून सोडलं तर चिकटलेले बारीक कण वरच राहतात आणि सिल्ट कमी दिसतं. उदाहरण: ७ चौरस मीटरवरून १८० ग्रॅम माल, त्यातला २१ ग्रॅम तळाच्या थाळीत. भार झाला ३ ग्रॅम प्रति चौरस मीटर.

माती येते कुठून

खरं काम इथे आहे. रस्त्यावरचा सिल्टचा भार हा आवक आणि जावक यांचा तोल असतो. वाहनं स्वतःच माल कडेला ढकलत असतात, पाऊस धुऊन नेतो, झाडणकाम उचलतं. आवक तशीच चालू असेल तर आज घासून स्वच्छ केलेला रस्ता काही दिवसांत आपल्या जुन्या भारावर परत येतो. म्हणून आवक बंद करण्यावर खर्च केलेला रुपया झाडणकामावरच्या रुपयापेक्षा जास्त टिकतो.

बांधकामाच्या फाटकापासून सुरुवात करा. डंपर आणि आरएमसी (तयार काँक्रीट आणणारे) मिक्सर चिखल चाकांवर घेऊन बाहेर येतात. फाटकापासून शे-दोनशे मीटरपर्यंत त्याचे दोन तपकिरी पट्टे उघड दिसतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेनुसार बांधकामाकडे जाणारा आणि आतला रस्ता पक्का असायला हवा, आणि झाकण न घालता माल नेता येत नाही. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत चाकं धुण्याची सोयही बंधनकारक केली. कागदावर सगळीकडे चाकधुणी असते. प्रत्यक्षात फाटकाजवळ एक पाइप आणि एक माणूस असतो, तो समोरचं चाक ओलं करतो आणि गाडी निघते. असं अर्धवट धुणं न धुण्यापेक्षा वाईट ठरू शकतं: सैल झालेला चिखल रस्त्यावर गळतो, वाळतो आणि मूळ ढेकळापेक्षा लवकर पीठ होतो.

नीट चाकधुणीची मापं अशी. डंपरच्या चाकाचा परीघ साधारण सव्वातीन मीटर, म्हणून धुण्याचा ओटा निदान ५ ते ६ मीटर लांब हवा, म्हणजे गाडी हळू पुढे सरकताना प्रत्येक चाक एक पूर्ण फेरा तरी पाण्याखाली फिरेल. मागच्या जोडचाकांच्या मधल्या खाचेत सगळ्यांत जास्त चिखल अडकतो. फवारे सरळ आडवे असतील तर तिथे पाणी पोचत नाही, ते खालून तिरपे हवेत. पाणी दोन कप्प्यांच्या टाकीत निथळून पुन्हा वापरायचं, आणि पहिल्या कप्प्यातला गाळ भरण्याआधी काढायचा. तो भरला की पंप गढूळ पाणीच चाकांवर मारतो. ओट्यानंतर १५ ते २० मीटर काँक्रीट किंवा मोठ्या खडीचा निथळण्याचा पट्टा हवा. फाटक थेट रस्त्याला लागून असेल आणि तेवढी जागाच नसेल, तर गाड्या आतल्या बाजूला उभ्या करून धुवाव्या लागतात, दुसरा उपाय नाही.

दुसरा उगम खोदाई. केबल टाकली की चर मुरुमाने भरतात आणि माती बसू दे म्हणून आठवडेच्या आठवडे उघडा ठेवतात. ३०० मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद चर म्हणजे १८० चौरस मीटर उघडी माती, तीही चाकांच्या वाटेत. माती बसायची वाट बघावी लागते कारण ती एकदम ओतलेली असते. १५० ते २०० मिलिमीटरचे थर करून प्रत्येक थर ओला करून कॉम्पॅक्टरने दाबला तर त्याच दिवशी वरून तात्पुरता डांबरी किंवा काँक्रीटचा थर देता येतो. पथ विभागाकडे मागायचं ते हे: खोदाईच्या परवानगीच्या अटींची प्रत, आणि पूर्ववत करण्याची तारीख.

साइडपट्टी हा तिसरा, आणि कायमचा. डांबराची कड आणि फुटपाथ यांच्यामध्ये मीटर-दीड मीटर माती सुटलेली असते. कोंडी झाली की दुचाक्या तिथूनच जातात आणि माती डांबरावर आणून टाकतात. पेव्हर ब्लॉक बसवा, काँक्रीट करा, चाकं जात नसतील तर गवत लावा. पण उघडी ठेवू नका. एकाच कामासाठी पैसे मिळणार असतील तर मी हेच काम आधी करेन.

दुभाजकाकडे कोणी लक्ष देत नाही. झाडं लावताना त्यात माती कडेच्या दगडाच्या वरपर्यंत, ढीग करून भरतात. टँकरने पाणी घातलं की गढूळ ओघळ रस्त्याच्या जलद मार्गिकेत उतरतात, तासाभरात वाळतात आणि वेगातली वाहनं ते उडवतात. मातीची पातळी कडेच्या दगडापेक्षा ७ ते १० सेंटिमीटर खाली ठेवायची आणि वर पालापाचोळा पसरायचा, एवढ्याने हे थांबतं. उद्यान विभागाला सांगायला पत्रही पुरतं.

मे महिन्यात पावसाळी गटारांची सफाई होते, चेंबरमधून काढलेला गाळ तिथेच कडेला सुकायला ठेवतात. वाळलेला गाळ हा आयता सिल्ट आहे, चाळायचीही गरज नाही. त्याच दिवशी उचलण्याची अट कामाच्या आदेशात असायला हवी. आणि पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या उन्हात, सखल भागांत वाहून आलेला गाळ असाच वाळतो. वर्षात एकदाच मोठी स्वच्छता करता येणार असेल तर ती पाऊस थांबल्याच्या आठवड्यात करावी. दिवाळीआधीच्या आठवड्यात केली तर तोवर निम्मा माल उडून गेलेला असतो.

झाडणकाम आणि पाणी

नुसत्या गोल ब्रशचं यंत्र जाड माल उचलतं आणि बारीक माल पसरवतं. शोषण करणारं यंत्र हवं, आणि त्याच्या मागून निघणारी हवा गाळून बाहेर पडायला हवी. यंत्र चांगलं असूनही काम वाईट होण्याची कारणं ठरलेली आहेत. वेग: ताशी ५-६ किलोमीटरच्या वर शोषण पुरत नाही, पण ठेकेदाराला किलोमीटरवर पैसे मिळत असतील तर चालक १२ ने पळवतो. शोषणतोंड रस्त्यापासून वर राहतं, कारण रबरी झालर झिजलेली असते. ब्रशपुढच्या फवाऱ्याची टाकी रिकामी असते, म्हणून यंत्राभोवतीच ढग उठतो. आणि सगळ्यांत मोठं कारण उभ्या गाड्या. रस्त्यावरचा बहुतेक माल कडेच्या पहिल्या मीटरभरात साठतो, तिथे यंत्र पोचतच नाही. सम-विषम तारखांना एकेक बाजू रात्री मोकळी करून घेतल्याशिवाय यंत्राचा खर्च वाया जातो. करारात किलोमीटरऐवजी उचललेल्या मालाचं वजन आणि झाडल्यानंतर कडेला उरलेला सिल्टचा भार तपासण्याची तरतूद मागा.

खराट्याने झाडणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यांच्या नाकातोंडात सगळ्यांत जास्त धूळ जाते, हे आधी मान्य केलं पाहिजे. त्यांना चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क आणि झाडण्याआधी हलका शिडकावा मिळायला हवा. दुभाजकाशी लावलेले ढीग तासाभरात उचलले नाहीत तर वाहनं ते परत पसरवतात. ढकलगाडी झाडणाऱ्याच्या सोबत फिरली पाहिजे, दुपारी येऊन चालत नाही.

युरोपात झालेल्या अभ्यासांत नुसत्या झाडण्याने हवेतल्या पीएम १० मध्ये फारशी घट दिसलेली नाही. झाडून लगेच पाण्याने धुतलं तर थोडी दिसते. पण ते रस्ते आधीच स्वच्छ होते. आपल्याकडे सुरुवातीचा भार जास्त, म्हणून फायदाही जास्त मिळावा. मात्र आवक थांबवलेली असेल तरच तो टिकतो.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. १४ मीटर रुंद रस्त्याच्या एका किलोमीटरला, चौरस मीटरला ०.३ लिटर शिडकाव्यासाठी ४,२०० लिटर लागतात. ०.३ लिटर म्हणजे ०.३ मिलिमीटरचा थर. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या डांबरावर तो वीस मिनिटं ते अर्ध्या तासात उडून जातो. दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम दोन-सव्वादोन किलोमीटर आणि अर्धा तास पुरला. जास्त पाणी सोडलं तर चिखल कडेला जाऊन साठतो आणि वाळतो. म्हणून पाणी मारायचं तर झाडल्यानंतर, पहाटे, सांडपाणी प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं, आणि तेही खोदाई चालू असलेल्या टापूपुरतं.

पाण्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळण्याचा प्रस्ताव अधूनमधून येतो. हे क्षार हवेतली आर्द्रता ओढून धूळ ओली ठेवतात, पण त्यासाठी हवेत साधारण ३० टक्क्यांच्या वर सापेक्ष आर्द्रता लागते. मुंबईत ती वर्षभर असते. पुण्यात, छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात, विदर्भात मार्च-एप्रिलच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच क्षार कोरडा पडतो. शिवाय क्लोराइड पुलांच्या सळ्या गंजवतो. उड्डाणपुलांवर तर मुळीच वापरू नये. आणि हवेत धुकं मारणाऱ्या तोफा? त्यांचे थेंब तोफेच्या आसपासच काम करतात. पाडकाम चालू असताना तिथल्यातिथे त्या ठीक आहेत, गाडीवर बसवून शहरात फिरवण्यात अर्थ नाही.

ब्रेक: थोडं पण वेगळं

ब्रेकच्या धुळीत लोखंड, तांबं, बेरियम, अँटिमनी असे धातू असतात आणि ती मातीपेक्षा बारीक असते. लोखंड-तांब्यासारखे धातू फुफ्फुसात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवतात, म्हणून मिलिग्रॅमला मिलिग्रॅम तोलून तिची मातीशी बरोबरी करता येत नाही. ती पडतेही ठरावीक जागी: सिग्नलच्या आधीचे पन्नास मीटर, बसथांबे, उतार. अस्तर फार तापलं, ढोबळमानाने २०० अंशांच्या पुढे गेलं, की त्यातलं रेझिन (माल बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) जळू लागतं आणि अतिसूक्ष्म कणांची संख्या एकदम वाढते. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहण्याचा सल्ला ब्रेक निकामी होऊ नये म्हणून देतात. हवेसाठीही तोच बरोबर आहे.

युरोपीय संघाच्या २०२४ मधल्या युरो ७ नियमाने ब्रेकच्या कणांवर पहिल्यांदा मर्यादा घातली: मोटारींना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम पीएम १०, पूर्ण विजेवरच्या मोटारींना ३. नव्या मॉडेल्सना ती नोव्हेंबर २०२६ च्या अखेरीपासून लागू होते. चाचणीचं चक्र १९२ किलोमीटरचं आहे आणि त्यात ३०३ वेळा ब्रेक लागतो. विजेच्या गाडीला कडक मर्यादा परवडते कारण मोटरच गाडी थोपवते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत घेते, पॅड क्वचित वापरले जातात. याला दोन अपवाद आहेत. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ऊर्जा परत घ्यायला जागा नसते, मग सगळा भार पॅडवर. आणि चालकाला शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक मारायची सवय असेल तर तिथेही पॅडच वापरला जातो. ई-बस चालकांच्या प्रशिक्षणात लांबून पाय काढायला शिकवणं म्हणून फायद्याचं आहे.

गॅरेजमध्ये मात्र तातडीने बदल हवा. ट्रक, बस आणि बऱ्याच दुचाकींना ड्रम ब्रेक असतात आणि झिजलेली पूड ड्रममध्येच साठते. ड्रम उघडला की कॉम्प्रेसरच्या हवेने ती फुंकतात. काम करणाऱ्या पोरांच्या तोंडासमोर काही सेकंदांत तिचा दाट ढग उठतो. जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं. साबणाच्या पाण्याने ओलं करून फडक्याने पुसावं, फडकं पिशवीत बांधून टाकावं. खर्च शून्याच्या जवळ आहे.

टायरबद्दल थोडक्यात: हवा आणि अलाइनमेंट नीट ठेवा, म्हणजे झीज कमी होते. त्याची मुख्य काळजी हवेपेक्षा पाण्याची आहे. टायर तडकू नये म्हणून घातलेल्या ६पीपीडी या रसायनाचं ओझोनशी संयोग होऊन जे क्विनोन बनतं, त्याने अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोहो साल्मन मासे मरतात हे २०२० मध्ये सिद्ध झालं. आपल्याकडे रस्त्याचं पाणी थेट नाल्यातून मुळा-मुठेत जातं, म्हणून गाळ अडवणारे चेंबर वेळेवर साफ होणं टायरच्या कणांसाठीही महत्त्वाचं.

फरक पडला की नाही, हे बघताना

सोसायटीच्या गच्चीवर लावलेल्या दोन-चार हजारांच्या सेन्सरवर रस्त्याची धूळ तपासू नका. त्यातली लेझर प्रकाशाने मोजणारी डबी साधारण दोन मायक्रॉनपर्यंतचे कण बऱ्यापैकी पाहते. त्यापुढचे जाड कण तिला जवळजवळ दिसतच नाहीत, आणि पडद्यावरचा पीएम १० बारीक कणांवरून अंदाजाने काढलेला असतो. रस्ता पूर्ण स्वच्छ झाला तरी तो आकडा हलणार नाही, आणि शेजारी कोणी कचरा जाळला की दुप्पट होईल. खात्रीचं मोजमाप म्हणजे फिल्टरवर वजन करून: रस्त्याच्या वाऱ्याकडच्या आणि वाऱ्यामागच्या बाजूला एकाच वेळी पीएम १० आणि पीएम २.५ घ्यायचे, पीएम १० मधून पीएम २.५ वजा करायचा. या जाड भागाचा दोन बाजूंमधला फरक म्हणजे तुमच्या रस्त्याची धूळ. शहराचा एकूण आकडा हवामानाने बदलतो. हा फरक बराचसा रस्त्याचा असतो. राष्ट्रीय मानक पीएम १० साठी दिवसाला १०० आणि वर्षाला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. पण एका रस्त्याच्या कामाचं यश त्या मानकावर ठरवू नका, या फरकावर ठरवा.

तेवढी यंत्रं मिळत नसतील तर सिल्टचा भारच पुन्हा मोजा, त्याच तीन जागी: झाडण्याआधी, झाडल्यावर लगेच, आणि तीन दिवसांनी. झाडल्यावर लगेच आकडा उतरला नाही तर यंत्रात किंवा वेगात दोष आहे, घनकचरा विभागाकडे जा. उतरला आणि तीन दिवसांत परत चढला तर कुठून तरी माती येतेय. ज्या जागेचा आकडा सगळ्यांत आधी चढला तिथून पाऊलखुणा बघत मागे चाला आणि तक्रार पथ विभागाकडे किंवा बांधकाम परवानगी देणाऱ्या विभागाकडे, त्या तीन आकड्यांसह द्या.